खोट दुसऱ्या भेटीत

"पहिल्या भेटीत गुण, दुसऱ्या भेटीत खोट, तिसऱ्या भेटीत तारीख," असं म्हणत मामा पानाच्या चंचीची दोरी सोडायचे. दोरी सुटली की समोरच्याने ओळखावं, आता आपली चौकशी सुरू. पानाच्या शिरा काढता काढता, वर न बघता पहिला प्रश्न यायचा, "मूळ कुटलं तुमचं?"

तुम्ही म्हणणार, पौडचं. "ते झालं ऱ्हायाचं. मूळ कुटलं?" तुम्ही म्हणणार, वडील भोरकडून आले. "आन् त्याच्या आदी?" असं करत करत माणसाला पार आजोबा-पणजोबांच्या दारात नेऊन बसवलं, की मगच ते पान तोंडात जायचं. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमच्या गावातली लग्नं कशी जुळतात, मला कळत नाही.

मामा, म्हणजे सगळ्या पट्ट्याचेच मामा, लग्नं जुळवायचे. आमच्या मुळशीच्या पट्ट्यात भऱ्यापासून नांद्यापर्यंत मामांनी जुळवलेलं जोडपं नांदत नाही किंवा भांडत नाही, असं गाव नव्हतं. शेतकऱ्यांची लग्नं त्यांनी जुळवली, मेंढरं राखणाऱ्या धनगरांची जुळवली, पौडच्या पेठेतल्या दोन-चार मुसलमान घरांचीही जुळवली. मोबदला म्हणाल तर एक टोपी आणि पोटभर जेवण. टोप्या इतक्या झाल्या होत्या की मामी त्यांत कांदे ठेवायच्या.

मी तेव्हा पौडच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करत होते. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. लॅबोरेटरी म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, रक्तातलं पिवळं पाणी वेगळं करायचं एक हाताने फिरवायचं यंत्र आणि मी. वय लग्नाचं आणि लग्न झालेलं नाही. मामांच्या दृष्टीने मी म्हणजे भर रस्त्यात बसलेली म्हैस होते. मला हटवल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येईना.

"माझे गुण काय सांगता हो मामा लोकांना?" मी एकदा विचारलं.

"सांगतो की, पोरगी सुई टोचती, पर कळत न्हाई."

"आणि दुसऱ्या भेटीत?"

"दुसऱ्या भेटीत सांगतो, खरं बोलती." मामा गंभीरपणे म्हणाले. "तितंच घोडं आडतं बग."

आता ही खोट दुसऱ्या भेटीत सांगायची भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. स्थळाच्या बाबतीत मामा खोटं बोलत नसत. एकदा एका तोतऱ्या मुलाचं स्थळ होतं. बघण्याच्या कार्यक्रमात मामांनी त्याच्यासमोर पोह्यांची बशी रिकामीच होऊ दिली नाही. मुलाने तोंड उघडलं ते फक्त खायला. पण दुसऱ्या भेटीत मामांनी आपण होऊन मुलीच्या बापाला सांगून टाकलं. बाप म्हणाला, एवढंच ना? लग्न झालं. "आदी गुनांना बसू द्यायचं," मामा मला समजावत. "ते बसले की मंग तेच खोटीला सरकून जागा देत्यात."

त्या वर्षी थंडीत मामा वाकून चालायला लागले. एसटीने फिरून कंबर धरलीय म्हणाले. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, मामींनी शेक दिला. कंबर काही सोडेना. शेवटी पुण्याला नेऊन फोटो काढला, तर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात ठिपके दिसले.

आमचे डॉक्टर कोरडे गृहस्थ. रोग्याशी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलले तर त्यांना थकवा यायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी मामा-मामींना खुर्च्या दिल्या आणि सगळं फोड करून सांगितलं. ही कॅन्सरची गाठ आहे. ती हाडात दिसते, पण हाडाची नाही. दुसरीकडे कुठेतरी तयार झाली आणि इथे येऊन बसलीय. मूळ कुठे आहे ते कळलं पाहिजे, कारण औषध मुळावर ठरतं.

मूळ म्हटल्यावर मामांनी चंचीला हात घातला. "म्हंजी पावना आलाय, पर गाव सांगत न्हाई."

"तसंच."

"मंग वळखायचं कसं?"

"रक्तावरून. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिथून गाठ निघाली असेल तर ती कुठेही जाऊन बसली तरी तिथलाच एक पदार्थ रक्तात सोडत राहते. तो पदार्थ रक्तात जास्त निघाला की आपण ओळखायचं."

मामा खूश झाले. "बराबर हाय. सून सासरी आली तरी बोली म्हायेरचीच बोलती."

डॉक्टरांना ही उपमा आवडली असावी, कारण ते चौथं वाक्यही बोलले. प्रोस्टेटचं असेल तर गोळ्या आहेत. दुखणं थांबतं, माणूस हिंडता-फिरता होतो, काही वर्षं मिळतात. पण या गोळ्या हृदयाला जड, म्हणून अंदाजाने देता येत नाहीत. आणि दुसरीकडचं निघालं तर, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मग त्यांनी विचारलं, "रात्री लघवीला उठावं लागतं का? धार बारीक झालीय?"

"छ्या! घोड्यावानी हाय," मामा म्हणाले.

मामींनी छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बरं. मग मला मागच्या बाजूने बोट घालून तपासावं लागेल."

मामा ताडकन उभे राहिले. कंबर दुखते हेही विसरले. "मागल्या दारानं आलेलं स्थळ मी कदी बगितलं न्हाई, आन् दावलंबी न्हाई!"

मी माझ्या खोलीत पळाले आणि तोंडात पदर कोंबून हसले. बाहेर डॉक्टरांचा आवाज चढला, मामांचा त्याहून चढला. अखेर तह झाला. बोट नाही, फक्त रक्त.

पण तेही सरळ होईल तर ते मामा कसले? ही तपासणी पुण्यातच व्हायची. मामांना मोठ्या इस्पितळातल्या रांगेत दिवस घालवायचा नव्हता. वैशाख लागला होता, लग्नसराई ऐन भरात होती आणि त्यांना एका लग्नाचा बस्ता बांधायला पुण्यात जायचंच होतं. "रगात हितंच काडा. माजं मीच न्हेऊन देतो. लोकाच्या पोरी पोचवतो, सोताचं रगात न्हाई व्हय पोचवायचं?"

हा पदार्थ भलता नाजूक. ऊब लागली की मरतो. म्हणून मी रक्त काढलं, यंत्र फिरवून वरचं पिवळं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलं, बूच लावलं आणि दवाखान्याचा रुंद तोंडाचा थर्मास मागवला. पेठेतल्या बर्फाच्या गोळेवाल्या चाचांकडे भुशात लादी पुरलेली असायची. त्यांनी त्यातला एक मोठा तुकडा फोडून दिला. नळी बर्फात खोचली, झाकण आवळलं आणि मामांना बजावलं, "उघडायचं नाही. वाटेत उतरायचं नाही. थेट पुणे."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले आणि थर्मास कडेवर घेऊन एसटीत चढले. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला, "कंडक्टर, ह्येचं अर्दं तिकीट पडतं का? ह्ये मीच हाय, पर पातळ."

आठवड्याने रिपोर्ट आला. पदार्थ जास्त नाही. सगळं जागच्या जागी.

मामांना वाटलं, जिंकलो. पेढे घेऊन आले. "बगा, म्हनलं न्हवतं? आपल्या खालच्या अंगाला काय खोट न्हाई!" आणि मी पहिल्यांदाच डॉक्टरांना पेढा हातात धरून नुसतं बसलेलं पाहिलं. आम्हाला खोट हवी होती हो. तीच एक अशी खोट होती, जिच्यावर औषध होतं. आणि रिपोर्टात गुण आले होते.

मग छातीचा फोटो झाला. पोटाचा झाला, त्यासाठी खडूच्या चवीचं दुधासारखं औषध प्यायला लावलं, त्या दुधाला मामांनी शिव्या घातल्या. कुठेच काही सापडलं नाही. हाडातला पाहुणा मात्र हातपाय पसरत होता.

"मूळ सापडत नाही मामा," डॉक्टर एक दिवस म्हणाले.

"माजं तरी कुटं सापडतंय?" मामा म्हणाले. "धरणाच्या पान्याखाली हाय. आयच्या काकंला बसून निगालो तवा." आणि हसले. आम्ही कोणी हसलो नाही, म्हणून मग तेही थांबले.

पावसाळ्यात मामांनी बाज धरली. घराच्या पडवीत बाज होती. लोक तिथेच मुलांची स्थळं घेऊन येत. मामा पडल्या पडल्या प्रश्न विचारत, पण पणजोबांपर्यंत जायचे ते बापापर्यंतच थांबायला लागले. मी दवाखाना सुटला की वेदना कमी करायचं इंजेक्शन द्यायला जायचे. "आज कुनाचं स्थळ आनलंस?" म्हणून तेच मला चिडवत. एक दिवस गेले, तर चंची उशाशी तशीच पडलेली, दोरी गुंडाळलेली. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. त्या दिवशी मला भीती वाटली. घरी येऊन मी आईला म्हटलं, मामा जाणार. आणि जेवले नाही.

दिवाळीनंतर पुण्याच्या वाटेवरल्या भुकूमची एक मुलगी दवाखान्यात आली. नवीन लग्न झालेलं, दिवस गेलेले, माहेरी आली होती. रक्त किती आहे ते बघायला डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली. बोटाला सुई टोचली, तर म्हणाली, "कळलंच न्हाई की! मामा म्हनायचेच, ती बाय टोचती पर कळत न्हाई. मामा कसं हायेत?"

"बरे नाहीत गं."

तिचे डोळे भरले. "त्यांच्यामुळं माजं लगीन झालं, ताई. नुसतं जुळवलं म्हनून न्हवं. त्यांनी बरफ लावला म्हनून."

"कसला बर्फ?"

आणि तिने सांगितलं. लग्नाच्या दिवशी सकाळपासून उपास, वर वैशाखाचं ऊन, अंगावर जड शालू. अंतरपाट धरायच्या आधी ती मांडवामागे धाडकन पडली. आई ओरडणार, तेवढ्यात मामा आले. वाटेवर लग्न, जुळवलेलं आपण, तेव्हा अक्षता टाकायला म्हणून मामा एसटीतून उतरले होते. त्यांनी आईच्या तोंडावर हात ठेवला. "वरडू नगा. नवऱ्याकडच्यांनी बगितलं तर पोरीला फिट येती म्हनतील, आन् वऱ्हाड मागारी जाईल." मग काखेतला थर्मास उघडला, सगळा बर्फ काढून उपरण्यात बांधला आणि तिच्या डोक्यावर धरला. एक खडा तोंडात दिला. ती उठून बसली. मुहूर्त टळला नाही. नवऱ्याकडच्यांना आजतागायत पत्ता नाही.

"आन् त्यात एक काचंची बारकी नळी हुती," ती म्हणाली. "ती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठिवली. म्हनले, माजंच हाय, माज्या छातीशी उबंला ऱ्हाईल."

मी तिच्या बोटावर कापूस दाबायचाही विसरले. तशीच डॉक्टरांच्या खोलीत घुसले. आत कोणी पोट उघडं टाकून झोपलं होतं, त्याच्यादेखत सगळं सांगितलं. डॉक्टर जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. एवढंच सांगते, तीन वाक्यांपेक्षा पुष्कळ जास्त बोलले.

आम्ही दोघं चालत मामांच्या घरी गेलो. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मामा, भुकूमला उतरला होता?" डॉक्टर दारातूनच गरजले.

मामा सावकाश वळले. आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मामींकडे. आणि त्यांचा हात उशाकडे गेला. त्यांनी चंची ओढली. दोरी सोडायला बोटं नीट चालत नव्हती, पण त्यांनी ती सोडली. मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागले.

"डाक्टर," मामा म्हणाले, "ही कितवी भेट आपली?"

"दुसरी समजा!"

"मंग सांगाया हरकत न्हाई." आणि मामांनी सगळं सांगितलं. बर्फ भुकूमला संपला. नळी दुपारभर खिशात होती, जेवणाच्या पंगतीतही होती. पुण्यात शिरताना थर्मासात लग्नातल्या रांजणाचं पाणी होतं, त्यात ती परत सोडली. रिपोर्ट चांगला आला, मग कशाला मोडता घालायचा, म्हणून गप्प राहिले. आणि हो, लघवीला रात्रीतून सारखं उठावं लागतं. वर्ष झालं. धार म्हणाल तर गळक्या नळावानी.

"मी तवाच सांगनार हुते," मामी म्हणाल्या, "पर ह्यांचं म्हननं, पयल्याच भेटीत कुटं खोट सांगत्यात व्हय."

डॉक्टर मटकन बाजेवर बसले. रागाने की हसू दाबायला, मला कळलं नाही. त्यांचे खांदे हलत होते.

"आता तपासायचं?" त्यांनी विचारलं.

"तपासा," मामा म्हणाले. "पर आदी ह्या पोरीला भायेर घालवा. ती खरं बोलती. गावभर करंल."

"आधी रक्त," डॉक्टर म्हणाले. "बोट लावलं की रक्तातला पदार्थ उगाच वाढतो." म्हणून मी आधी रक्त घेतलं आणि मग बाहेर जाऊन उभी राहिले. आतून मामांचा एकच उद्गार ऐकू आला, तो त्यांच्या बुडालेल्या गावच्या देवाला उद्देशून होता.

या खेपेला थर्मास मी नेला. मांडीवर घेऊन, दोन्ही हात झाकणावर. मागच्या खेपेची हकिगत कळवली, तेव्हा पुण्यातल्या प्रयोगशाळेने तपासणी लगेच करून दिली. आकडा बघून मी तिथल्या बाईंचे हातच धरले. जितका असायला हवा त्याच्या कितीतरी पट. पाहुण्याने बोली बोलून दाखवली होती. कॅन्सरचं मूळ सापडलं म्हणून पेढे वाटणारी बाई त्या लॅबोरेटरीने तेवढी एकच पाहिली असेल.

गोळ्या सुरू झाल्या. त्या होत्या बायकांच्या अंगातल्या रसाच्या, म्हणजे हार्मोनच्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, छाती थोडी वाढेल, अंगातून गरम वाफा निघतील. मामांनी सगळं कबूल केलं. महिनाभरात दुखणं ओसरलं. संक्रांतीला मामा तिळगूळ घेऊन स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आले, बंडीऐवजी सैल सदरा घालून.

"काय मामा, सदरा का?"

"काय सांगू तुला," ते हळूच म्हणाले. "जलमभर नवऱ्याकडची बाजू घेतली, नवरीकडची घेतली. आता अंगानंबी दोनीकडचा झालो."

गरम वाफांचं दुःख त्यांनी मामींना सांगितलं, तेव्हा मामींनी काही न बोलता त्यांच्या हातात पंखा दिला. "आमाला व्हत हुतं तवा तुमी म्हनायचा, सोंगं करती," एवढंच म्हणाल्या आणि कांदे निवडायला गेल्या.

त्या गोळ्यांवर मामांनी चांगली वर्षं काढली. लग्नं जुळवली, मोडता मोडता वाचवली. भुकूमच्या मुलीला मुलगा झाला, त्याच्या बारशाला जाऊन त्याच्याही मूळ गावाची चौकशी करून आले. माझ्यासाठी स्थळं आणायचं सोडलं नाही. मला काही ती पसंत पडली नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही मी पसंत पडले नाही. ज्या एकाला पडले, त्याला मामांनीच दुसऱ्या भेटीत पळवून लावलं. "खोट त्याच्यात हुती," एवढंच सांगितलं.

मग एका वर्षी थर्मासातून गेलेल्या रक्ताचा आकडा पुन्हा वर आला. पुढच्या खेपेला आणखी वर. गोळ्या तशाच चालू होत्या, पण पाहुणा त्यांना जुमानत नव्हता. डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं, नको, मी जाते. ते मला कधी खोटं बोलू देणार नाहीत.

मामा पडवीत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी चंची पुढ्यात घेतली, दोरी सोडली, पण पान काढलं नाही.

"आकडा वर गेला, न्हवं?"

"हो, मामा."

"ही कितवी भेट म्हनायची, पोरी?"

मी त्यांच्या चंचीतलं पान घेऊन शिरा काढायला लागले. वर म्हणाले, "खरं बोलती म्हनून तर तुजी ख्याती हाय."

"तिसरी, मामा."

"मंग तारीख काडा म्हनावं डाक्टरला," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लगीनसराई टळली पायजे तेवडी. मान्सं कामात असत्यात." थोडं थांबून म्हणाले, "तुजं तेवडं ऱ्हायलं. तुज्या खोटीला सरकून जागा देईल असं घर मला घावलं न्हाई. हुतं कुटंतरी, मीच फिराया कमी पडलो."

मामा आषाढात गेले, सराई संपल्यावर. दहाव्याला नदीवर माणूस मावत नव्हता. सगळी जोडपी. भांडणारीही एकाच एसटीने आलेली. आणि ओळख नसलेली माणसं एकमेकांना हटकत होती, "मूळ कुटलं तुमचं?"

मी पुढे बरीच वर्षं त्याच दवाखान्यात होते. पुण्याला बर्फातलं रक्त पोचवायची पाळी माझीच असे. एसटी पिरंगुट सोडून भुकूमच्या जवळ आली, की मी थर्मास मांडीवर घेऊन झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे. मामा गेले होते हे मला माहीत होतं. पण त्या माणसाचा भरवसा नव्हता.